फॉरमॅट करूनही फायली पुन्हा लॉक होतात? आधी रॅन्समवेअर कोणतं ते ओळखा

तक्रार साधारण अशी असते. सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटर चालू केला तर टॅलीत कंपनीच दिसत नाही. एक्सेलच्या आणि फोटोंच्या आयकॉनच्या जागी कोरे पांढरे कागद. प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली आणि फोल्डराफोल्डरात एक इंग्रजी चिठ्ठी: पैसे द्या, फायली परत घ्या. फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या अशा प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात. ओळखीतला कोणी येतो, सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज टाकून देतो, जुन्या बॅकअपमधून मिळेल तेवढं परत भरलं जातं. काही दिवसांनी पुन्हा फोन येतो, "भाऊ, तेच होऊन राहिलं परत. अँटीव्हायरस बी टाकला होता."

मी नागपुरात लहान व्यापारी, छापखाने आणि सीए लोकांच्या ऑफिसातली मशीन सांभाळतो. इतवारी, गांधीबाग, महाल, कळमना, धंतोली अशा भागांत माझं काम चालतं. हा प्रकार जिथे दुसऱ्यांदा झालेला पाहिला तिथे बहुतेक वेळा एकच गोष्ट राहून गेलेली होती. पहिल्या वेळी कोणतं रॅन्समवेअर आलं होतं हे कोणी बघितलंच नव्हतं. प्रकार कळला की ते कोणत्या वाटेनं आत आलं याचा जवळपास पत्ता लागतो, कारण प्रत्येकाची यायची वाट आणि वागण्याची पद्धत ठरलेली असते. नुसत्या फॉरमॅटनं ती वाट बंद होत नाही. उलट ओळख पटवायला लागणारा पुरावा जातो, आणि फायली सुटण्याची काही शक्यता असेल तर तीही जाते.

आधी खात्री करा

रॅन्समवेअर म्हणून आलेल्या सगळ्याच तक्रारी रॅन्समवेअरच्या नसतात. पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर तो जुना शॉर्टकट व्हायरस आहे. त्यात फायली लपवलेल्या असतात, लॉक झालेल्या नसतात. लपवलेल्या फायली दाखवण्याची सेटिंग चालू केली की त्या दिसतात.

स्क्रीनभर लाल पान, सायरनचा आवाज आणि "या नंबरवर फोन करा" असा मजकूर असेल तर तो ब्राउझरमधला बनाव आहे. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि तो नंबर लावू नका. फोन लावला तर पलीकडचा माणूस एनीडेस्क (दुरून मशीन चालवू देणारा प्रोग्राम) टाकायला लावतो आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं.

छापखान्यांत आणखी एक गोंधळ होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोज नवीन टाकल्यावर तर हे हमखास होतं आणि लोक घाबरतात. फाइलचं नाव आणि एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरं) जसंच्या तसं असेल, चिठ्ठी कुठेच नसेल, तर आधी फॉन्ट टाकून बघा.

खऱ्या रॅन्समवेअरमध्ये तीन गोष्टी बहुधा एकत्र दिसतात: नाव बदललेलं, चिठ्ठी पडलेली, आणि मागचं शेपूट खोडून नाव पूर्ववत केलं तरी फाइल न उघडणारी. नाव बदलून बघायचं असेल तर फाइलच्या कॉपीवर बघा, मूळ फाइलला हात लावू नका.

हात लावण्याआधी

नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा. बॅकअपची हार्डडिस्क "एकदा बघू तरी, त्यात आहे का" म्हणून त्याच मशीनला जोडू नका. पहिल्या हल्ल्यातून वाचलेला बॅकअप याच एका हालचालीनं गेलेला मी पाहिला आहे, आणि त्यानंतर त्या माणसापाशी काहीच उरलं नव्हतं.

फायली लॉक होण्याचं काम अजून चालू आहे का ते पाहा. एखादा फोल्डर उघडून ठेवा. डोळ्यांसमोर नावं बदलत असतील, डिस्कचा वापर टास्क मॅनेजरमध्ये शंभर टक्क्यांना चिकटला असेल, तर मशीन सरळ बंद करा, शटडाउनची वाट पाहू नका. सगळं शांत असेल तर नेटवर्कपासून तोडून चालूच राहू द्या, कारण मेमरीतली माहिती तपासणाऱ्याच्या कामी येऊ शकते.

मग मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढा. चिठ्ठी पूर्ण वाचता येईल असा एक फोटो, फायलींची नावं एक्स्टेन्शनसकट दिसतील असा दुसरा, आणि फायली बदलल्याची तारीख-वेळ दिसेल असा तिसरा. ही वेळ फार महत्त्वाची आहे. रात्री अडीचला सुरुवात झाली असेल आणि दुकान नऊला बंद झालं असेल, तर कर्मचाऱ्यानं काही क्लिक केलं असण्यापेक्षा बाहेरून कोणी आत आल्याचा संशय जास्त बळकट. दुपारी दोनला, कोणीतरी नवीन सॉफ्टवेअर टाकल्यावर पाचच मिनिटांत सुरू झालं असेल, तर चौकशी वेगळ्या दिशेला जाते.

माझा सल्ला असा: जुनी डिस्क काढून, तारीख लिहून, कपाटात ठेवा आणि काम सुरू करायला नवीन एसएसडी टाका. त्याचा खर्च गेलेल्या हिशेबांपुढे किरकोळ आहे. ज्या प्रकारावर आज उपाय नाही त्यावर उद्या निघू शकतो, आणि असं झालेलं आहे. पुढे त्याचं उदाहरण येईल.

चार अक्षरी शेपूट आणि रीडमी: स्टॉप किंवा डीजेव्हीयू

घरगुती आणि छोट्या दुकानांच्या मशीनवर मला सगळ्यात जास्त दिसणारं रॅन्समवेअर हे आहे. २०१८ पासून ते फिरतंय आणि त्याच्या शेकडो आवृत्त्या आल्या. आवृत्तीगणिक शेपूट बदलतं, पण बाकी खुणा त्याच राहतात, म्हणून नुसतं शेपूट शोधत बसण्यापेक्षा खुणा लक्षात ठेवा.

चिठ्ठीच्या फाइलचं नाव अंडरस्कोर रीडमी, टेक्स्ट प्रकारची. सुरुवात मोठ्या अक्षरांतल्या "अटेन्शन"नं. मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी म्हणजे ४९०. नंतरच्या काही आवृत्त्यांत हेच आकडे ९९९ आणि ४९९ झाले. शेवटी "युवर पर्सनल आयडी" आणि त्याखाली लांबलचक अक्षर-आकड्यांची ओळ. वॉलपेपर बदलत नाही. काही आवृत्त्या लॉक करण्याचं काम चालू असताना विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतात, त्यामुळे माणूस चहा प्यायला उठून जातो आणि रॅन्समवेअरला पूर्ण मोकळीक मिळते.

खात्री करायची असेल तर एका लॉक झालेल्या पीडीएफची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. इथे एक गोष्ट फसवते. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतात, ती इथेही शाबूत दिसतात, कारण हे रॅन्समवेअर पहिले पाच बाइट सोडून देतं. त्यापुढे मात्र नुसता कचरा. आता थेट फाइलच्या शेवटी जा. तिथे महिरपी कंसात, मध्ये आडव्या रेघा असलेली एक ओळ दिसेल, ३६ए६९८बी९ ने सुरू होणारी. ही ओळ या प्रकारची सहीच आहे आणि लॉक केलेल्या फायलींच्या शेवटी तीच असते. ती दिसली की दुसऱ्या कुठल्या नावाचा विचार करायचं कारण नाही.

आता वागणूक. हा प्रोग्राम वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरात लांब आकडेवारीच्या नावाचा एक फोल्डर करून त्यात स्वतःची कॉपी ठेवतो. रजिस्ट्रीच्या रन यादीत (विंडोज सुरू होताच काय चालवायचं त्याची यादी) सिसहेल्पर नावाची नोंद टाकतो. आणि टास्क शेड्युलरमध्ये टाइम ट्रिगर टास्क नावाचं काम लावून ठेवतो, ते दर पाच मिनिटांनी चालतं. "साफ केलं तरी परत होतं" या तक्रारीचं एक सरळ उत्तर इथे आहे. विंडोज तीच ठेवून कोणी फक्त चिठ्ठ्या आणि लॉक झालेल्या फायली उडवल्या, बॅकअपमधून नवीन फायली भरल्या, की पाच मिनिटांत त्याही लॉक. टास्क शेड्युलर उघडून लायब्ररीतली यादी वरपासून खालपर्यंत वाचा. तिथे हे नाव दिसलं तर त्या मशीनवर अजून काहीही परत भरू नका.

जुन्या काही आवृत्त्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणती साइट कुठे शोधायची हे ठरवणारी विंडोजची फाइल) सुरक्षेच्या वेबसाइटी अडवून ठेवतात. बाकी नेट चालतंय पण अँटीव्हायरसच्या साइटीच तेवढ्या उघडत नाहीत असं झालं तर ती फाइल तपासा.

हे येतं कुठून? जवळपास नेहमी क्रॅकमधून, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायच्या चोरट्या प्रोग्राममधून. महालातल्या लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात हे पुन्हा पुन्हा होत होतं. लग्नसराई तोंडावर, मुलगा रात्री जागून डिझाइन करतोय, आणि दर फॉरमॅटनंतर विंडोज आणि कोरल चालू करण्यासाठी तो त्याच साइटवरून तोच ॲक्टिव्हेटर उतरवतोय. त्या साइटवर स्पष्ट लिहिलेलं होतं की चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. तो प्रामाणिकपणे बंद करत होता. "दादा, बंद नाही केला तर सेटअप चालतच नाही," तो म्हणाला. अँटीव्हायरस आपलं काम बरोबर करत होता, त्याला हातानं बाजूला सारलं जात होतं. डाउनलोडच्या इतिहासात फायली लॉक होण्याच्या काही मिनिटं आधी त्या ॲक्टिव्हेटरची नोंद सापडली आणि प्रश्न मिटला. दुकानात आता अधिकृत विंडोज आहे आणि डिझाइनचं बरंचसं काम फुकट मिळणाऱ्या इंकस्केपवर चालतं.

या प्रकाराबरोबर पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही येतात. ॲझोरल्ट, विडार, रेडलाइन ही त्यातली माहीत असलेली नावं. लोकांचं सगळं लक्ष लॉक झालेल्या फायलींवर असतं आणि तेवढ्यात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड निघून गेलेले असतात. म्हणून दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून जीमेल, बँक, जीएसटी आणि इन्कम टॅक्स पोर्टल, सगळ्यांचे पासवर्ड बदला. जिथे "सगळीकडून लॉगआउट" अशी सोय आहे तिथे तीही वापरा, कारण चोरलेल्या कुकीवर (ब्राउझरनं साठवलेली लॉगिनची खूण) पासवर्ड न विचारताही आत शिरता येतं. सीए ऑफिसांनी तर हे फायली वाचवण्याच्याही आधी करावं. एका मशीनमध्ये शेकडो अशिलांचे लॉगिन असतात.

फायली सुटतील का? सी ड्राइव्हवर सिस्टिमआयडी नावाचा फोल्डर शोधा, त्यात पर्सनलआयडीची टेक्स्ट फाइल असते. त्यातला आयडी टी आणि १ या दोन अक्षरांवर संपत असेल तर तो ऑफलाइन आयडी. म्हणजे लॉक करताना रॅन्समवेअरला गुन्हेगारांच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, आणि त्यानं स्वतःत आधीच भरलेली, त्या आवृत्तीच्या सगळ्यांना सारखीच असलेली चावी वापरली. अशी चावी कुठून तरी मिळाली तर एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचं मोफत साधन फायली सोडवू शकतं. आज नाही सुटल्या तर काही महिन्यांनी पुन्हा चालवून बघा. शेवट वेगळा असेल तर आयडी ऑनलाइन, चावी फक्त तुमच्यासाठी बनलेली, ती गुन्हेगारांकडेच आहे. ऑगस्ट २०१९ आधीच्या १४८ जुन्या आवृत्त्यांवर तोडगा निघाला होता, तो त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आला. त्यानंतरच्या आवृत्त्यांत लॉक करण्याची पद्धत भक्कम झाली. फाइलमध्ये एकाहून जास्त आयडी असतील तर घाबरू नका, काही फायली ऑफलाइन चावीनं लॉक झालेल्या असू शकतात.

चावी नसली तरी एक आशा आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. हे रॅन्समवेअर वेगासाठी प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच लॉक करतं. छोटी वर्ड फाइल त्यात पूर्ण जाते. पण दोन जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओचं जवळजवळ सगळं अंग शाबूत असतं. त्याच कॅमेऱ्यानं त्याच सेटिंगवर काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला की दुरुस्तीची साधनं सुरुवात नव्यानं बांधू शकतात. मोठ्या झिप फाइलमधल्या पहिल्या काही फायली सोडून बाकीच्या काढता येतात. डेटाबेसच्या मोठ्या बॅकअप फायलींतूनही बरंच निघतं, पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

नावात ईमेल पत्ता: फोबोस, धर्मा आणि त्यांचे भाईबंद

फाइलचं नाव लांब होऊन त्यात आयडी, मग चौकोनी कंसात ईमेल पत्ता आणि शेवटी एखादा शब्द असं दिसलं तर वाट पूर्ण बदलते. धर्मामध्ये आयडीनंतर आडवी रेघ आणि आठ अक्षर-आकडे असतात. फोबोसमध्ये आयडीही चौकोनी कंसात असतो आणि आठ अक्षर-आकड्यांपुढे रेघ देऊन आणखी चार आकडे. दोघांतही इन्फो नावाची एचटीए फाइल उघडून समोर येते. फोबोस धर्मावरूनच बेतलेलं असल्यामुळे दोघांची गल्लत होते, पण यायची वाट एकच: रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून मशीन चालवण्याची विंडोजची सोय.

आपल्याकडे याचं मूळ बहुतेकदा टॅली असते. शेठजींना घरून हिशेब बघायचा असतो, म्हणून कोणीतरी राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून देतो. पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३. जगभरातून असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात, तुमचं दुकान कळमन्यात आहे की आणखी कुठे याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. पोर्टचा नंबर बदलून दुसरा ठेवला की झालं, असं सांगणारे भेटतात. तो बदललेला नंबरही स्कॅनमध्ये सापडतो.

तपासायचं असं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटीचा लॉग उघडा आणि ४६२५ नंबरच्या नोंदी गाळून बघा. ही चुकलेल्या लॉगिनची नोंद. मिनिटाला अनेक अशा ओळींची रांग दिसली, वेगवेगळी वापरकर्तानावं आणि परदेशी आयपी पत्ते दिसले, तर पासवर्ड फोडायचा प्रयत्न चालला होता. त्या रांगेच्या शेवटी ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन असेल तर तो क्षण लिहून घ्या. रिमोट डेस्कटॉपच्या लॉगिनला टाइप १० लिहिलेला असतो, पण चुकलेले प्रयत्न बऱ्याचदा टाइप ३ म्हणून नोंदले जातात, त्यामुळे फक्त १० शोधत बसू नका. आणि लॉग त्या रात्रीपासूनच सुरू होत असेल, वर ११०२ ही एकच नोंद असेल, तर कोणीतरी लॉग पुसला आहे. रिकामा लॉगही पुरावाच.

इथे क्रॅकसारखं आपोआप काही चालत नाही, एक माणूस तुमच्या मशीनवर बसलेला असतो. तो आधी अँटीव्हायरस हातानं काढतो, प्रोसेस हॅकरसारखी साधनं आणतो, पासवर्ड काढतो, लॅनमधली (दुकानातल्या नेटवर्कवरची) बाकी मशीन शोधतो, नवीन ॲडमिन वापरकर्ता तयार करतो. त्याची साधनं म्युझिक किंवा पिक्चर्सच्या फोल्डरात पडलेली सापडतात. शेवटी कमांडनं शॅडो कॉपी उडवतो, म्हणजे विंडोजमधल्या जुन्या प्रतींवरून परत जाण्याची वाट बंद. मगच लॉक करायला घेतो. फोबोस स्टार्टअप फोल्डरातही स्वतःला ठेवतं, त्यामुळे मशीन पुन्हा चालू केलं की नवीन फायलीही लॉक होतात.

परत येण्याचं कारण आता दिसतंच. सर्व्हर फॉरमॅट झाला, पण राउटरमधला पोर्ट उघडाच, पासवर्ड तोच, आणि काउंटरवरच्या दुसऱ्या मशीनमध्ये त्यानं बनवलेला ॲडमिन अजून जिवंत. फॉरमॅटनंतर तो त्याच पासवर्डनं पुन्हा आत येतो. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग पूर्ण काढा, यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडून देणारी राउटरची सोय) बंद करा, मग मोबाइल डेटावरून पोर्ट खरंच बंद झाला का ते तपासा. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (दुकानाच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) लावा. एनीडेस्क ठेवलं असेल तर विनापरवानगी जोडणीचा पासवर्ड काढून टाका. प्रत्येक मशीनवरची वापरकर्त्यांची यादी उघडून अनोळखी नाव शोधा, फक्त सर्व्हरवर बघून थांबू नका.

वर जे कपाटात डिस्क ठेवायला सांगितलं त्याचं कारण हे: जुलै २०२५ मध्ये जपानच्या पोलिसांनी फोबोस आणि त्याच्यापासून निघालेल्या एटबेस या रॅन्समवेअरसाठी मोफत सोडवणूक साधन प्रसिद्ध केलं. फोबोस २०१८-१९ पासून चालू होतं. एवढ्या वर्षांत ज्यांनी लॉक झालेल्या फायली जपून ठेवल्या त्यांनाच त्याचा उपयोग. फॉरमॅट करून मोकळे झालेल्यांना नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

बिलिंगचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) चालत असेल आणि फायलींना मॅलॉक्स असं शेपूट असेल, तर रिमोट डेस्कटॉपच्या आधी १४३३ पोर्ट आणि एसए या डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड तपासा. हे रॅन्समवेअर डेटाबेसच्या सेवा आधी बंद पाडतं, म्हणून "सर्व्हर अचानक बंद पडला" हीच पहिली तक्रार येते. २०२३ पासून २०२४ च्या सुरुवातीपर्यंतच्या मॅलॉक्ससाठी अव्हास्टचं मोफत साधन आहे.

नऊ अक्षरांचं विचित्र शेपूट, तेच नाव असलेली रीडमी आणि बदललेला वॉलपेपर असेल तर लॉकबिटच्या तिसऱ्या आवृत्तीचा संशय घ्या. पण ते बनवण्याचं साधन सप्टेंबर २०२२ मध्ये फुटून सगळ्यांच्या हाती गेलं, त्यामुळे चिठ्ठीत लॉकबिट लिहिलं म्हणून ती मूळ टोळीच असेल असं नाही.

वॉनाक्रायचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. मे २०१७ मध्ये ते विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून, कोणी काही न उघडता, लॅनभर पसरलं. त्याचा पॅच (त्रुटी बुजवणारं अपडेट) त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला होता. जुनी विंडोज ७ असलेली मशीन आजही त्याच लॅनवर ठेवली असतील तर ती वेगळी काढा. विंडोज १० ची नियमित मदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहे, तेही लक्षात असू द्या.

फक्त शेअर केलेला फोल्डर लॉक झाला असेल तर

ही खूण ओळखली नाही तर चुकीचं मशीन फॉरमॅट होतं. सर्व्हरवरचा शेअर फोल्डर पूर्ण लॉक, पण त्याच सर्व्हरचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं ठीकठाक: याचा अर्थ रॅन्समवेअर सर्व्हरवर चाललंच नाही. ते लॅनमधल्या दुसऱ्याच मशीनवर चाललं आणि नेटवर्कवरून इथल्या फायली लॉक करून गेलं. सर्व्हर कितीही वेळा फॉरमॅट करा, ते मशीन चालू आहे तोवर हे होतच राहणार.

चिठ्ठीच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड इथे जा. मालक म्हणून कोणाचं नाव आहे? बिलिंग काउंटरच्या लॉगिनचं नाव असेल तर काउंटरचं मशीन गाठा. सगळेच एका नावानं लॉगिन करत असतील तर हा धागा तुटतो, आणि हे एक कारण पुरेसं आहे की प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यावं, तेही ॲडमिन नसलेलं. काम अजून चालू असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या शेअर्ड फोल्डर्समध्ये कोणत्या मशीननं किती फायली उघडल्यात ते दिसतं. शेकडो फायली उघडलेलं एकच नाव दिसेल. त्याची केबल ओढा.

ओळख पटवताना आणि मदत घेताना

आयडी रॅन्समवेअर ही साइट चिठ्ठी आणि एक लॉक झालेली फाइल पाहून प्रकार सांगते. नो मोअर रॅन्सम हा जुलै २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेला उपक्रम आहे, तिथे मोफत साधनं एकत्र मिळतात. तपासायला फाइल चढवताना अशिलाचा ताळेबंद किंवा रुग्णाचा रिपोर्ट चढवू नका, एखादा साधा फोटो निवडा. "रॅन्समवेअर डिक्रिप्टर" असं शोधून पहिल्या सापडलेल्या साइटवरून साधन उतरवू नका. घाबरलेल्या माणसासाठी लावलेले तसे सापळेही आहेत.

"शंभर टक्के रिकव्हरी" सांगणाऱ्यांपासून सावध राहा. नव्या आवृत्त्यांचं, ऑनलाइन चावीचं डीजेव्हीयू कोणालाही फोडता येत नाही. असा दावा करणारा बहुधा गुन्हेगाराशीच व्यवहार करतो आणि वर स्वतःचा नफा लावतो. पैसे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. चावी मिळेलच याची हमी नाही, आणि दिलेला पैसा पुढच्या हल्ल्यात लागतो.

तक्रार सायबर क्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर किंवा नागपूरच्या सायबर पोलीस ठाण्यात करा. बँकेतून पैसेही गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, तिथे पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवायची असते, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तसं आहे.

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह सिंक चालू असेल तर लॉक झालेल्या फायली वर गेल्याच असतील, पण धीर सोडू नका. आधी सिंक थांबवा. गुगल ड्राइव्ह फाइलच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस ठेवतं, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलेल्यांना वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळेला पूर्ण मागे नेता येतो. ही मुदत फॉरमॅटच्या गडबडीत निघून जाते, म्हणून पहिल्याच दिवशी दुसऱ्या मशीनवरून बघा.

माझ्यासारख्या कोणाला बोलवाल तेव्हा हे हाताशी ठेवा: चिठ्ठीची फाइल, लॉक झालेल्या दोन-तीन फायली, त्यांतल्या एखादीची लॉक न झालेली प्रत असेल तर ती (व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवलेली चालणार नाही, तिथे फोटो लहान होतो, ईमेलने अटॅच करून पाठवलेली चालेल), पहिली फाइल लॉक झाल्याची तारीख-वेळ, त्याआधीच्या दोन दिवसांत कोणी काय टाकलं किंवा उघडलं, आणि राउटरमध्ये काय उघडून ठेवलंय. डीजेव्हीयू असेल तर पर्सनल आयडीही. एवढं असेल तर प्रकार ओळखायला फार वेळ लागत नाही, आणि मग कोणतं मशीन फॉरमॅट करायचं आणि कोणतं नाही ते ठरवता येतं.